पंप बसवताना

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी ऑफिसात मी सहज बोलून गेलो, "काल दिवसभर पंप बसवत होतो."

शेजारच्या टेबलावरच्या नानांनी हातातली फाईल मिटली. "किती फुटावर लागलं?"

"काय?"

"पाणी, भो! दुसरं काय लागतं?"

"पाणी नाही नाना, हवा."

नानांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कळवळ दिसली. त्यांच्या यावलकडच्या शेतात दोन बोअर कोरडे गेलेत. "हवाच लागली? अरेरे. होतं असं. आमच्या दुसऱ्या बोअरला सातशे फुटांवर नुसता धुरळा निघाला." त्यांनी चहा सांगितला आणि माझ्या दुःखात सहभागी म्हणून पैसेही दिले. फुकटचा चहा घशाखाली उतरल्यावर खुलासा करणं बरं दिसेना, म्हणून तो राहून गेला.

चूक नानांची नाही. खानदेशात पंप म्हणजे आधी विहिरीतला. रावेर-यावलची केळी त्याच्यावर उभी. मग पाठीवर अडकवून कपाशीवर मारायचा, मग पेट्रोलचा. सायकलीत हवा भरायचा पंप या रांगेत स्टोव्हच्या पंपाच्याही मागे उभा. आणि मी तर तो सायकलीत हवा भरायला नव्हे, सायकलीवर बसवायला निघालो होतो. ही गोष्ट एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात डॉक्टरांपासून झाली. त्यांनी साखरेचा आकडा कागदावर लिहिला, त्याभोवती दोनदा गोल काढला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. त्याच महिन्यात पुण्याच्या पुतण्यानं नवी सायकल घेतली आणि जुनी मला देऊन टाकली. "काका, रोड बाईक आहे. फक्त नऊ किलो!" ट्रॅव्हल्सच्या डिकीतून ती जळगावात उतरली. हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, सीट एवढीशी की बसलो तरी बसल्याचा भरवसा वाटत नाही. आईनं चष्मा लावून तिला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"मडगार्ड, घंटी, कॅरेज, स्टँड, चेनकव्हर... सगळं काढून घेतलं आणि मग दिली का तुला?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "जाऊ दे. पोरगा आपल्याच घरातला. नाव कोणाला ठेवायचं?"

टायर मात्र जगावेगळे. रुंदी अंगठ्याएवढी, २५ मिलिमीटर, आणि हवा मागतात ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हर्क्युलस ४०मध्ये खूश असायची, आणि त्यावर अण्णा, मी, दळणाचा डबा आणि कधीकधी हेडमास्तर एवढं सगळं चालायचं. या सायकलीला एकट्या माझ्यासाठी ९० लागतात. कमी भरली तर खड्ड्यात ट्यूब रिमवर आपटून चावली जाते, आणि खड्डे आमच्याकडे शोधायला जावं लागत नाही.

खड्डे परवडले, पण सराटे नाहीत. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला पिवळ्या बारीक फुलांची जमिनीलगत पसरलेली वेल दिसते, तीच ही. तिचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठी शिंगं. कसाही पडला तरी एक शिंग आभाळाकडे. लहानपणी अनवाणी पायात मोडलेला सराटा ज्यांनी काढला असेल त्यांना जास्त सांगायला नको. वेड्या बाभळीचा काटा निदान दिसतो तरी. सराटा हा मातीच्या रंगाचा, मातीत बसलेला, नेमका आपली वाट बघणारा शत्रू. मागून ट्रकचा हॉर्न वाजला, आपण अदबीनं डांबर सोडून कडेला उतरलो, की त्याचं काम झालं.

पुतण्यानं सायकलीबरोबर वीतभर लांबीचा पंप दिला होता. दिसायला पेनासारखा, खिशात मावणारा. पहिलं पंचर पाळधीच्या अलीकडे झालं तेव्हा मी तो ऐटीत काढला. पंधरा मिनिटांनी ऐट संपली. टायर तसंच लोळागोळा होतं आणि मीही.

घरी आल्यावर कागदावर हिशेब मांडला. या टायरात जागा साधारण एक लिटरची. ९० पीएसआय म्हणजे वातावरणाच्या सहापट दाब. म्हणजे बाहेरची सहा लिटर हवा त्या एका लिटरात कोंबायची, आठवडी बाजारच्या दिवशी एसटीत माणसं कोंबतात तशी. वीतभर पंपाच्या एका दट्ट्यात हवा जेमतेम ४० मिलिलिटर. हिशेबानं दीडशे दट्टे, प्रत्यक्षात अडीचशे, कारण शेवटी शेवटी हवा आत जायचं सोडून आपल्याच तोंडावर फुसकते. कार्बन डायऑक्साइडची नळकांडीही वापरून पाहिली. दोन सेकंदांत टायर टम्म, आणि नळकांडी इतकी गार की बोटं चिकटली. मे महिन्यात ४५ अंश भोगणाऱ्या जळगावकराच्या बोटांना थंडीनं इजा व्हावी, हे काही पटलं नाही. शिवाय एकदा वापरली की ती संपली. सराटे संपत नाहीत.

तेव्हा अण्णांचा पंप आठवला.

तो माळ्यावर, पितळी समईच्या डब्यामागे, धोतराच्या फाटक्या पानात गुंडाळलेला सापडला. चांगला हातभर लांब, लाकडी मुठीचा, पितळी. अण्णा प्राथमिक शिक्षक. रोज बारा किलोमीटर जाणं, बारा येणं, आणि हा पंप सायकलीच्या नळीवर. बाजारात सायकल लावली की पंप काढून हातात घेत, कारण सायकल कुलपात असायची पण पंपाला कुलूप नव्हतं. हातभर पितळी दांडा घेऊन ते वांग्यांचा भाव करायचे तेव्हा भाव लवकर उतरायचा, असं आई सांगते.

पंपातला चामड्याचा वायसर वाळून पापडासारखा झाला होता. आईनं तो वाटीभर गोडेतेलात रात्रभर बुडवायला लावला. सकाळी तो मऊ झाला आणि दट्ट्या ओढून पंपाच्या तोंडावर बोट धरलं तर बोट मागे ढकललं गेलं. चाळीस वर्षं माळ्यावर पडून जिनसेचा दम तेवढाच! माझ्या गुडघ्यांबद्दल असं कोणी म्हणणार नाही. लांब आणि बारीक पंपाचं गणितही सोपं: एका दट्ट्यात वीतभर पंपाच्या तिप्पट हवा, म्हणजे साठ-सत्तर दट्ट्यांत काम फत्ते. ९०पर्यंत पोचताना हाताला २० किलोच्या आसपास जोर लावावा लागेल, म्हणजे केळीच्या एका बऱ्या घडाएवढा. तेवढा मी लावू शकतो असं मला वाटत होतं.

नळी मात्र कुजली होती. ती घ्यायला चाचांकडे गेलो. चाचांचं सायकलचं दुकान मी शाळेत होतो तेव्हापासून त्याच लिंबाच्या झाडाखाली आहे. माझ्या टायरचा व्हॉल्व्ह बघून ते बराच वेळ गप्प राहिले. हा व्हॉल्व्ह फ्रेंच, प्रेस्टा नावाचा, काडीएवढा बारीक. डोक्यावरची पितळी घुंडी आधी सैल करायची, मगच तो हवा घेतो. "इसमें व्हॉल ट्यूब किधर है?" म्हणाले. नाही म्हटल्यावर त्यांनी आमच्या साध्या सायकलीची नळी उचलून त्यावर फिरवली. बसली की! दोघांचे आटे एकच. फ्रान्सचा व्हॉल्व्ह, खानदेशी पंप आणि दुकानातली धुळकट नळी, तिघांचं पहिल्या भेटीत जमलं. एवढ्या सुरळीत कामाचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आता फक्त पंप फ्रेमवर बसवायचा होता.

हर्क्युलसला याचा काही प्रश्नच नव्हता. तिच्या फ्रेमला दोन खुंट्या जोडूनच आलेल्या असायच्या. पंपाच्या दोन्ही टोकांना खळगे, मुठीत स्प्रिंग. एक टोक खुंटीत रोवायचं, पंप दाबायचा, दुसरं टोक दुसऱ्या खुंटीवर सोडायचं. टक्! काढतानाही टक्. अण्णांना ते अंधारात जमायचं. युरोपातल्या जुन्या शर्यतीच्या सायकलींनाही अशीच सोय होती. असे पंप करणारी इटलीतली सिल्का कंपनी १९१७ पासूनची, फ्रान्सची झेफालही तिच्याच जातकुळीतली. दांडा जमिनीला समांतर, त्याच्या पोटाला लागून पंप, फ्रेमच्या मापाचा निवडलेला, स्प्रिंगच्या जोरावर दोन नळ्यांच्या मध्ये ताठ बसलेला. ना क्लॅम्प, ना पट्टी.

मग नव्वदच्या दशकात कुणाच्या तरी डोक्यात आलं की दांडा सीटकडे उतरता केला तर फ्रेम लहान होते, हलकी होते. झाली असेल. पण त्या वेळी त्यानं अण्णांच्या पंपाचा विचार केलेला नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगू शकतो. माझ्या सायकलीचा दांडा पळसखेड्याच्या उतारासारखा घसरत जातो आणि पंप त्या त्रिकोणात दोन बोटं जास्त होतो. दोनच बोटं! पण फ्रेम काही पोत्यासारखी ताणता येत नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता मी अंगणात सायकल उलटी केली. दांड्याच्या पोटाखाली तिरपा लावून पाहिला, तर तिथून मागच्या ब्रेकची केबल गेलेली. पंप लावला की ब्रेक आपोआप लागतो. तसा तो सुरक्षित प्रवास झाला असता, पण प्रवास झाला नसता. सीटच्या नळीच्या मागे लावायला गेलो तर तिथं मागचं चाक इतकं जवळ की बोटही जात नाही. हर्क्युलसमध्ये तिथं एक मांजर झोपू शकेल. डाव्या बाजूच्या मागच्या बारीक नळीला बांधला, तर टाच लागायला लागली. खालच्या तिरप्या नळीच्या पोटाखाली बांधला, दिसायला झकास, पण आई म्हणाली, "सगळा चिखल त्याच्यावर." आईनं एवढंच पाहिलं, बायकोनं मात्र घड्याळ पाहिलं. "अहो, एवढ्या वेळात चालत जाऊन आला असता."

शेवटी जागा सापडली. तिरप्या नळीवर पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचे दोन स्क्रू असतात, एकमेकांपासून ६४ मिलिमीटरवर. त्याच स्क्रूंखाली क्लॅम्प दाबला आणि पंप बाटलीच्या डाव्या कुशीला घेतला तर? विचार इतका आवडला की जेवण अर्धं टाकून हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"पंप बसवायचाय. दोन क्लॅम्प द्या."

"किती एचपी?"

"एचपी नाही. हाताचा."

"हातपंप? मग पाइप वेगळा. घरचा आहे का ग्रामपंचायतीचा?"

"सायकलवर बसवायचाय हो."

दुकानदारानं गोडाऊनमधून पोराला हाक मारली. "ये रे, बघून जा. सायकलवर हातपंप बसवणार आहेत साहेब." पोरगा आला, बघून गेला. मग मी खिशातून पंप काढला (खिशातून म्हणजे, शर्टाच्या आतून), तेव्हा कुठं मामला मिटला. प्लास्टिकच्या पाइपाचे पाऊण इंची क्लॅम्प मिळाले. पैसे घेताना तो म्हणाला, "एक सांगू का साहेब? पंप कोणता का असेना, बसवायला अक्कल लागत नाही. काढायला लागते. बोअरमध्ये मोटार सोडणारे दहा भेटतील. अडकलेली काढणारा एक भेटत नाही."

मी हसून सुटे घेतले.

क्लॅम्पची भोकं बारीक निघाली, ती खिळा तापवून मोठी केली. स्वयंपाकघराचा गॅस, सांडशी, जळक्या प्लास्टिकचा वास. त्या अर्ध्या तासाबद्दल घरात अजून बोललं जातं. मग स्क्रू तोकडे पडले, ते बदलून आणले. मग क्लॅम्प सैल झाले, म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी पंपाला गुंडाळली. एक वेढा दिला तर सैल, दोन दिले तर पंप आतच जाईना. दीड वेढा कसा द्यायचा हे मला कोणी शिकवलेलं नाही. शेवटी बसला. पायडल फिरवलं तर दर फेरीला क्रँक पंपाच्या बुडावर टण् टण्. पंप चार बोटं वर सरकवला. आता हँडल डावीकडे पूर्ण वळत नाही, पण मी तरी डावीकडे पूर्ण वळून जाणार कुठे?

चाचांना दाखवायला नेलं. त्यांनी वाकून पाहिलं, सुस्कारा सोडला. "साब, पहले बोलते तो दो खुंटी मार देता वेल्डिंग से." फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, नुसत्या उष्णतेनंही तिचा कस जातो, असं मी सांगितलं. त्यांनी ती एका बोटानं उचलून पाहिली आणि म्हणाले, "तभी."

संध्याकाळी चाचणी. बांभोरीच्या पुलापर्यंत पंप वाजत गेला. आवाज साधारण रिकाम्या दुधाच्या कॅनचा. माणसं दोनशे फुटांवरून वळून बघत होती. घंटी नसलेल्या सायकलीला हे चाललंही असतं, पण गिरणेवरच्या त्याच पुलाच्या जोडावर चाक आदळलं आणि आवाज एकाएकी थांबला. मला वाटलं, बसला नीट. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला, शेजारून हळू झाला आणि वरच्या पोरानं अण्णांचा पंप माझ्या हातात दिला.

"साहेब, तुमचं सायलेन्सर पडलं होतं."

त्या रात्री मी केबल टाय आणले, त्या प्लास्टिकच्या दातेरी पट्ट्या, इलेक्ट्रिशियन वापरतात त्या. एकदा ओढली की मागे सरत नाही. क्लॅम्पच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन, मधे चार, आणि मनाची शांती म्हणून दोन. टोकं पकडीनं ओढून घट्ट केली आणि नेलकटरनं साफ कापली. सायकल उचलून तीनदा आपटली. आवाज शून्य. पंप आता फ्रेमचाच झाला होता, हर्क्युलसवर असायचा तसा. झोपताना अण्णांच्या फोटोकडे पाहिलं तर तेही समाधानी दिसले. अर्थात त्या फोटोत ते नेहमीच तसे दिसतात.

पुढच्या रविवारी ऑफिसची भरीत पार्टी होती, पद्मालयाजवळच्या एका शेतात. वांगी बामणोदची, नाना गाडीतून पोतंभर आणणार. हिवाळा लागला की आमच्याकडे भरिताला मुहूर्त लागत नाही, फक्त वांगी भाजायला काट्या-काड्या लागतात. मी जाहीर केलं की मी सायकलवर येणार. एरंडोलपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस, पुढे दहाएक किलोमीटर. पहाटे निघालो. गार वारा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी, गप्प पंप. एरंडोल म्हणजे जुनी एकचक्रानगरी, पांडवांनी इथं दिवस काढले आणि भीमानं गाडाभर अन्न घेऊन जाऊन बकासुराला मारलं ते पद्मालयाच्या बाजूला, असं इथले लोक सांगतात. गाव सोडून मी त्याच वाटेला लागलो तेव्हा मनात आलं, भीमाच्या गाड्याला हवेची चाकं नव्हती म्हणून त्याचं निभावलं.

असं मनात आणू नये. चारच किलोमीटर झाले आणि मागून सुस्स् असा आवाज आला.

सराटाच. त्याचं एक शिंग टायरात पूर्ण रुतलेलं, दुसरं वर, मजेत. मी अजिबात घाबरलो नाही. मागचं चाक काढलं, चेनचं काळं कोपरापर्यंत लागलं, जुनी ट्यूब काढली, टायरात बोट फिरवून काटा काढला, नवी ट्यूब घातली. पुण्याच्या पुतण्यानं पाहिलं असतं तर त्याला काकांचा अभिमान वाटला असता. मग पंपाला हात घातला.

बारा पट्ट्या. कात्री नाही, चाकू नाही. सायकलीच्या किटमध्ये अकरा प्रकारचे पाने होते, त्यातला एकही कापत नव्हता. दातांनी पाहिलं. दात माझे, पट्टीही दातेरी, पण तिचे दात जास्त चांगले निघाले. हार्डवेअरवाला डोळ्यांपुढे आला. अडकलेली मोटार आता मला कळली.

तेवढ्यात कापसाची बैलगाडी आली. पुढे चाळिशीचा शेतकरी, गाठोड्यांवर त्याची बायको आणि सगळ्यांत उंच म्हातारी आई. गाडी थांबली. आमच्या भागात थांबलेल्या माणसाजवळ गाडी थांबतेच.

"काय व्हयनं भाऊ?"

"पंचर."

"पंप नई शे का?"

"आहे ना. हा काय."

"मंग भर ना हवा."

"निघत नाही."

त्यानं खाली उतरून पाहिलं. पट्ट्या मोजल्या. "कोणी बांधा?"

"मीच."

त्यानं पुढे काही विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा. गाडीतून विळा काढला आणि पहिल्या पट्टीला लावला. मी ओरडलो. कारण कापल्या की झालंच. मग हा हातभर दांडा न्यायचा कसा? पाठीवर पिशवी नाही. हातात धरून चालवायचं तर ब्रेक कोणी दाबायचे? शर्टात खोचून गेलो तर ऑफिसची माणसं जन्मभर सोडायची नाहीत. विळा पट्टीवर थांबला, बैल थांबले, मीही थांबलो. मग वरून, कापसाच्या गाठोड्यावरून, म्हातारीचा आवाज आला.

"पंप चाकजोडे येत नई, त चाक पंपजोडे लई ये ना भाऊ."

सातशे फुटांवर पाणी लागल्यावर माणसाला काय वाटत असेल ते मला त्या क्षणी कळलं.

मांडणी अशी झाली. शेतकऱ्यानं सीट धरून मागच्या चाकाविना सायकल उभी धरली. त्याच्या बायकोनं पदर खोचून काढलेलं चाक पंपाच्या बुडाशी आणलं. मी घुंडी सैल केली, नळी फिरवली, आणि हँडल उजवीकडे वळवून पंपाची मूठ वर ओढली. दट्ट्या ब्रेकच्या केबलींच्या शेजारून सरळ बाहेर आला. फ्रेमवर बसलेल्या पंपानं, फ्रेमवरूनच! पहिले तीस दट्टे मी बोलत बोलत मारले. चाळीसनंतर बोलणं थांबलं. पन्नासला केळीचा घड आला.

"सरक," शेतकरी म्हणाला. सायकल माझ्याकडे दिली आणि त्यानं पंप हातात घेतला. जन्मभर वखर धरलेले हात ते. भराभर पंचवीस-तीस दट्टे मारले आणि नळकांड्याला हात लावून चटकन मागे घेतला. "हाई त तापी गयं!"

हवा दाबली की तापते, म्हटलं. बोलायला मोकळा होतो म्हणून पुढचंही सांगून टाकलं: हवेचं टायर चालू केलं ते डनलॉप नावाच्या माणसानं, १८८८ साली पेटंट घेतलं, बेलफास्टला. पोराची तीनचाकी दगडी रस्त्यावर आदळते म्हणून. आणि हा डनलॉप मूळचा गुरांचा डॉक्टर.

शेतकऱ्यानं वळून बैलांकडे पाहिलं. "मंग बरोबर शे. जनावरनी दया त्यालेच."

चाक बसवायला त्यांनी मदत केली, पैसे घेतले नाहीत. म्हातारीनं गाठोड्यावरूनच माझ्या सायकलीकडे बोट दाखवून सुनेला काहीतरी सांगितलं आणि दोघी वळणाआड जाईपर्यंत हसत होत्या. काय ते ऐकू आलं नाही. अंदाज आहे.

पद्मालयाला पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. भरीत बडगीत ठेचून झालं होतं, पंगत बसली होती. कळण्याची भाकरी, कांद्याची पात, वर कच्चं तेल. नाना लांबूनच ओरडले, "काय भो, एवढा उशीर? काय झालं?"

"हवा गेली नाना."

नानांचा हात घासावर थांबला. "परत?" मग बाजूच्या साहेबांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "याचा बोअर फेल गेलाय ना, त्यावरून मन लागत नाही बिचाऱ्याचं. वाढा त्याला आधी." मला दोन माणसांचं भरीत एकाच ताटात मिळालं. खुलासा याही वेळी केला नाही.

संध्याकाळी घरी आलो. चेनचं काळं अजून कोपरापर्यंत होतं. बायको दारातच उभी.

"आलात? बसला ना एकदाचा तो पंप?"

"पक्का."

"बरं झालं. पोराच्या सायकलीच्या पुढच्या चाकात हवा नाहीये, उद्या त्याला शाळेला जायचंय. तेवढा काढून द्या."

मी पाना घेतला आणि पोराच्या सायकलीचं पुढचं चाक काढायला बसलो.